खुर्चीची वसुली

लाच घेणारा गुन्हेगार तसा देणाराही गुन्हेगार, हे वाक्य भाषणात फार शोभून दिसतं. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे दक्षता सप्ताह येतो, कचेरीत शपथ होते, एखादा पाहुणा हे वाक्य म्हणतो आणि नाश्त्याला जातो. मला या वाक्याचा राग आहे. ते ज्याच्यावर बोट ठेवतं तो माणूस त्या सभेत कधीच नसतो. तो बाहेर व्हरांड्यात बसलेला असतो. पिशवीत बापाचा मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, चार झेरॉक्सा. साहेब सभेतून केव्हा मोकळे होतात याची वाट पाहत.

आमच्या वर्धा जिल्ह्यात तलाठ्याला जुनी माणसं अजून पटवारी म्हणतात. माझ्या लहानपणी पटवारी गावात आला की घरोघरून काही ना काही त्याच्या पिशवीत पडायचं. पायलीभर तूर, हरभऱ्याची गठडी, हुरड्याच्या दिवसांत हुरडा. तेही चूकच होतं, मी त्याचे गोडवे गात नाही. पण तो पटवारी गावातच मुक्काम करायचा. त्याची बायको आमच्याच विहिरीवर पाणी भरायची. जास्त मागितलं तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याच्या बायकोला कोणी बोलत नसे. त्या देण्याला दर नव्हता. ज्याच्या घरी पिकलं नाही तो काही देत नसे आणि त्याचं काम अडतही नसे.

दर मी पहिल्यांदा पाह्यला तो कापसाच्या खरेदीत. 1972 साली सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. व्यापाऱ्याच्या तावडीतून शेतकरी सुटला म्हणून आमच्या बापजाद्यांनी आनंदानं बंड्या भरल्या. केंद्रावर बंड्यांची रांग लागायची, दोन-दोन रात्री बैलांना रस्त्यावरच कडबा टाकून काढाव्या लागायच्या. मग ग्रेडर यायचा, कापसात हात घालायचा, मूठभर बाहेर काढून पाहायचा आणि प्रत सांगायचा. त्याच्या एका शब्दानं क्विंटलमागं भाव खाली येई. वर्षभराची पऱ्हाटी, निंदण, फवारणी, वेचाईची मजुरी, सगळं त्या मुठीत. ज्या मोठ्या माणसाची बंडी उशिरा येऊनही पहिली मोजली जायची, त्याचा कापूस नेहमी वरच्या प्रतीचा निघायचा. तिथं लोक हळूच बोलायचे की अमक्या केंद्रावर नेमणूक मिळवायला ग्रेडरलाच पैसे मोजावे लागतात. तेव्हा माझ्या ध्यानात पहिल्यांदा आलं की हा माणूस आपल्याकडून घेतो ते सगळं त्याच्या घरी जात नाही. योजनेची मक्तेदारी सुटली, व्यापारी परत आले आणि ग्रेडरचा रुबाब गेला. त्याची ती पद्धत मात्र दुसऱ्या खात्यांतून चालतच राहिली.

मी ज्या साहेबाबद्दल लिहायला बसलो आहे त्याचं नाव, पद, तालुका, काहीच सांगत नाही. जिल्ह्यात आठ तालुके आहेत, आमचा त्यातला एक. गोष्ट 2018 च्या आधीची. हा गडी कारकून म्हणून लागला होता, परीक्षा देत देत वर चढला. हुशार होता यात शंका नाही. आल्या वर्षी नाल्याला पूर आला, तेव्हा पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून आमच्या वस्तीत पहिला शिरला तो हाच. पंचनामे आठ दिवसांत झाले. माणसं म्हणू लागली, साहेब असावा तर असा. त्या शाबासकीच्या जोरावर तो तालुक्यात असा बसला की आमदाराच्या पंगतीत त्याचं पान, लग्नाच्या पत्रिकेत त्याचं नाव.

मग वसुली सुरू झाली. स्वतः तो कधी मागत नसे. कचेरीसमोर टपरीशेजारी टेबल टाकून बसणारा एक अर्ज लिहिणारा होता. लोक त्याला ‘खिडकी’ म्हणत. खिडकीत कागद दिला की तो कागदाकडं न पाहता आकडा सांगायचा. वारस फेरफाराचा वेगळा, धुऱ्याच्या भांडणाचा वेगळा, रेतीच्या ट्रॅक्टरचा तर महिन्याचा बांधलेला. रेती म्हटली की आमच्याकडं सगळ्यांचे डोळे खाली जातात. वर्धा आणि वणा या दोन नद्यांच्या पोटातून रात्री काय निघतं ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. (गांधींचा जिल्हा म्हणून इथं दारूबंदीही आहे. दारू मिळते की नाही ते वाचकानं वर्धेला येऊन स्वतः पाहावं.)

आमच्या शेजारचे एक काका, चार एकराचे धनी, बाप मेल्यावर वारसांची नावं चढवायला गेले. कायद्यानं हे काम सोपं आहे. अर्ज, चौकशी, हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस, हरकत नसली तर नोंद प्रमाणित. भावाभावांत वाद नव्हता, हरकत कोणाची नव्हती. तरी पाच महिने कागद हलला नाही. खिडकीनं आकडा सांगितला होता आणि काका हट्टी. शेवटी ते सरळ साहेबाच्या खोलीत शिरले.

“साहेब, माहा बाप मेला, त्याचं नाव काढाले पैसे काहून लागते जी?”

साहेब चिडला नाही. समजुतीनं बोलला, हे काका पुन्हा पुन्हा सांगत. म्हणाला, “काका, तुमच्या बापाचं मला वाईट वाटते. पण मी इथं फुकट आलो का? मलेही कोणाच्या तरी खोलीत असंच उभं राहावं लागलं.”

माझा सगळा वाद या एका उत्तराशी आहे. या उत्तरात तो खोटं बोलला नाही आणि म्हणूनच ते उत्तर भयंकर आहे. त्यानं खुर्ची विकत घेतली, आता माल विकतो. काका त्या साखळीतले शेवटचे गिऱ्हाईक. त्यांच्याकडं पुढं विकायला काही नाही, म्हणून सगळा भार त्यांच्यावर. आणि दक्षता सप्ताहातला पाहुणा सांगतो की दोघं सारखेच गुन्हेगार!

असं काही नव्यानं घडतंय, स्वातंत्र्यानंतर माणसं बिघडली, इंग्रजाच्या राज्यात न्याय होता, असं म्हणणारे म्हातारे आमच्या पारावर अजून आहेत. त्यांना मी क्रॉफर्डची गोष्ट सांगतो. टिळकांच्या चरित्रात हे प्रकरण येतं, पण लोक ते टिळकांसाठी वाचतात, क्रॉफर्डसाठी नाही. मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट ऐकलेलं असतं, त्यातला माणूस माहीत नसतो.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा गोरा सनदी अधिकारी. 1865 ते 1871 मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर. कामाचा वाघ. रस्ते, गटारं, पाणी, बाजार, जिथं हात घातला तिथं काम उभं केलं. ते मार्केट 1869 चं. खर्चाला मात्र धरबंध नाही. म्युनिसिपालिटी कर्जात बुडाली आणि त्याला जावं लागलं. दुसरा कोणी असता तर तिथंच संपला असता. हा मात्र जिल्ह्यांत फिरत, वर चढत चढत पुण्याला मध्य विभागाचा कमिशनर होऊन बसला. राहणी राजासारखी, डोक्यावर कर्ज, आणि हाताखाली मामलेदारांच्या बढत्या-बदल्या. पुढं काय झालं असेल ते आमच्या गावातला पोरगाही सांगेल.

त्याचीही एक खिडकी होती, हनमंतराव नावाची. चांगला तालुका हवा, बढती हवी, नको असलेली बदली थांबवायची, तर मामलेदारानं हनमंतरावाला गाठायचं. न देणाऱ्याची बदली लांबच्या, नको त्या तालुक्यात. मामलेदार म्हणजे तेव्हा तालुक्याचा राजा, महसूलही त्याच्याकडं आणि फौजदारी न्यायही. त्या राजानं खुर्चीसाठी पैसे मोजले की ते भरून कुठून निघणार? शेतसाऱ्यातून, अर्जातून, ज्याची बाजू खरी त्याच्याकडून आणि ज्याची खोटी त्याच्याकडूनही. ज्योतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 साली पुरा केला. त्यात कचेऱ्यांमधून कुणबी कसा नागवला जातो ते त्यांनी मांडलं. क्रॉफर्डचा कारभार उघडा पडायला अजून पाच वर्षं होती. त्याच क्रॉफर्डच्या मार्केटला आता महात्मा फुल्यांचं नाव आहे. पाटी बदलली तरी लोकांच्या तोंडी क्रॉफर्डच आहे, ती गोष्ट वेगळी.

1888 साली गव्हर्नर लॉर्ड रे याच्या सरकारनं चौकशी लावली. ती पोलीस खात्याच्या ओमॅनी नावाच्या अधिकाऱ्याकडं होती. साक्ष कोण देणार? पैसे दिलेले मामलेदारच देणार. म्हणून त्यांना सरकारतर्फे वचन दिलं गेलं की खरं सांगा, तुमच्यावर खटला होणार नाही, तुमची नोकरी जाणार नाही. त्या वचनावर माणसं बोलली. हनमंतरावाला शिक्षा होऊन तो तुरुंगात गेला. क्रॉफर्डसाठी कोर्ट नाही, तीन सदस्यांचं कमिशन. कमिशननं काय ठरवलं? लाच घेतल्याचं सिद्ध होत नाही. आपल्या अधिकाराखालच्या लोकांकडून कर्ज घेतलं, एवढं मात्र खरं. साहेबाची नोकरी गेली आणि प्रकरण मिटलं. ज्यानं साहेबाच्या वतीनं पैसे घेतले तो तुरुंगात, आणि ज्याच्यासाठी घेतले त्यानं ते घेतलेच नाहीत, असा हा निकाल.

मग मामलेदारांची पाळी आली. ज्यांनी लाच दिल्याचं स्वतः कबूल केलं ते न्यायासनावर कसे बसतात, म्हणून विलायतेत ओरड झाली. ओरड करणाऱ्यांना अचानक न्यायाची शुद्धता आठवली. 1889 साली कायदा करून त्यांना खटल्यापासून संरक्षण दिलं, पण नोकरीचं वचन सगळ्यांच्या बाबतीत पाळलं नाही. काहींना घरी बसवलं. टिळकांनी रान उठवलं ते या मुद्द्यावर. मामलेदार स्वच्छ होते असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ज्याच्या हातात बढती आणि बदली, त्यानं मागितलं आणि यांनी दिलं. सरकारनं शब्द देऊन बोलायला लावलं, आता सरकारनं शब्द पाळावा, एवढंच. हे काही मोठं तत्त्वज्ञान नाही. आमच्या गावात बैलाच्या सौद्यातही माणूस एवढं पाळतो.

मामलेदारांबद्दल मला फार कळवळा आहे असं नाही. त्यांनी खाली लोकांकडून ओरबाडलंच असणार, आणि त्या कमिशनपुढं कुणब्याला कोणी बोलावलं नाही. आमची वर्धा तेव्हा मध्य प्रांतात होती, मालगुजारांच्या हाताखाली. क्रॉफर्डचा हुकूम इथं चालला नाही. तरी मला ते प्रकरण आमच्याच तालुक्यातलं वाटतं. वर खुर्चीला भाव, मध्ये खिडकी, आणि मोठा माणूस पडताना त्याच्याखाली सापडणारे लहान. क्रॉफर्ड स्वतः पुढं विलायतेत 1911 पर्यंत जगला. पुस्तकं लिहिली. एका पुस्तकात पुणं आणि दख्खन यांनी इंग्रजांना किती त्रास दिला याचं वर्णन केलं. म्हणजे त्रास आम्ही दिला.

आता आमच्या साहेबाचं पडणं. काकांनी तक्रार केली. लाचलुचपत खात्याची माणसं आली, पावडर लावलेल्या नोटा, दोन सरकारी पंच, सगळं नियमानं. नोटा घेतल्या खिडकीनं, पण त्या वेळी साहेबाच्या तोंडून दोन शब्द निघाले होते, म्हणून तोही धरला गेला. संध्याकाळी बसस्टँडवर फटाके फुटले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. ज्यांनी त्याला पंगतीत बसवलं होतं तेच म्हणू लागले, आम्हाला आधीच संशय होता. पंधरा दिवस तालुक्यात दुसरा विषय नव्हता.

निलंबन झालं. निलंबित माणसाला निर्वाह भत्ता मिळतो, सुरुवातीला अर्ध्या पगाराच्या हिशेबानं, तीन महिन्यांनी तो वाढूही शकतो. भत्ता मिळावा याला माझी हरकत नाही, गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणसाच्या लेकरांनी उपाशी राहू नये. पण काकांना कोणता भत्ता? खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, ती येईपर्यंत दोन पावसाळे गेले. तोवर साहेब पुन्हा कामावर रुजू झाला होता, दुसऱ्या जिल्ह्यात. खटला उभा राहिला तेव्हा एका पंचाला नीट आठवेनासं झालं. काका तारखेला बसनं जायचे, दिवस मोडायचा, आणि कोर्टात कळायचं की आज वकील आले नाहीत.

आणि फेरफार? तो झालाच नाही. नव्यानं आलेल्या साहेबानं काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आदरानं बोलला आणि कागदाला हात लावला नाही. कारकून आपसात म्हणायचे, “हा तो सापळ्यावाला, याच्यापासून दूर राहा बाप्पा.” त्यांच्या अर्जात मग त्रुटी निघू लागल्या. एकदा झेरॉक्स अस्पष्ट, एकदा आजोबांच्या नावात ऱ्हस्व-दीर्घ. सातबारावर मेलेल्या बापाचं नाव, म्हणून पीककर्ज नाही. पीककर्ज नाही म्हणून कृषी केंद्रातून बियाणं उधारीवर, दामदुपटीनं. काकू एकदा माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या, “देऊन टाकले असते तं काय झालं असतं? पोरीचं लगन तरी झालं असतं.” काका गप्प बसले. काकूंना उत्तर देण्याची हिंमत मलाही झाली नाही. दक्षता सप्ताहातल्या पाहुण्यानं त्या घरात जाऊन ते वाक्य म्हणून दाखवावं.

2018 साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा बदलला. पूर्वीच्या, 1988 च्या कायद्यात लाच द्यावी लागलेल्या माणसानं साक्ष दिली तर त्या कबुलीवरून त्याच्यावर खटला होत नसे. ते कलम काढलं. आता देणाराही गुन्हेगार, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीनं द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवा, म्हणजे सुटाल. सात दिवस! ज्या माणसाला कचेरीतून एक सही मिळायला पाच महिने लागतात, त्यानं सात दिवसांत कायदा समजून घ्यायचा, जिल्ह्याला जायचं आणि ज्याच्या हातात आपलं काम आहे त्याच्याविरुद्ध लिहून द्यायचं. त्याच दुरुस्तीत अधिकाऱ्यानं घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर आधी परवानगी घ्या, असंही कलम आलं. अधिकाऱ्यासाठी आणखी एक दार आणि शेतकऱ्यासाठी सात दिवसांचं घड्याळ. 1889 च्या गोऱ्या सरकारनं निदान खटल्यापुरता तरी शब्द पाळला होता.

कोणी म्हणेल, बदल्यांसाठी कायदा आहे की. आहे. महाराष्ट्रानं 2005 साली तो केला. सर्वसाधारणपणे तीन वर्षं एका जागी, बदल्या एप्रिल-मे महिन्यात, मध्येच करायची तर विशेष कारण लेखी नोंदवून. कायदा चांगला आहे. सगळी गोम त्या ‘विशेष कारणा’त आहे, आणि ते कारण ज्या फाईलमध्ये नोंदवलेलं असतं ती फाईल आमच्या चावडीपर्यंत येत नाही. आमच्या तालुक्यात कोण, केव्हा, कोणाच्या शिफारशीनं आलं ते आम्ही टपरीवर ऐकतो. ते कागदावर आणि भिंतीवर आलं पाहिजे. नवा अधिकारी रुजू होईल त्या दिवशी त्याच्या बदलीचा आदेश कारणासकट कचेरीच्या दर्शनी भागावर लावा, आधीचा मुदतीपूर्वी का गेला तेही लावा. रेतीघाटाच्या तालुक्यासाठी एवढी रांग का असते, याचं उत्तर तिथंच मिळेल.

दुसरी मागणी त्याहून साधी आहे. सापळ्यात ज्यानं तक्रार दिली त्याचं अडलेलं काम जिल्हाधिकाऱ्यानं स्वतःच्या हातात घ्यावं आणि महिन्याभरात निकालात काढावं. होणारं असेल तर करून, होणारं नसेल तर कारण लिहून. त्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट पाहायची गरज नाही. साहेब दोषी की निर्दोष हे कोर्ट ठरवेल, पण काकांचा बाप मेला आहे हे ठरवायला कोर्ट लागत नाही. काकांचा अर्ज अजून तिथंच आहे, आजोबांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून त्यांनी तो मागच्या महिन्यात पुन्हा दिला. पोच घेतली आहे, शिक्क्यासकट.